दुभाष्याच्या तोंडची रत्नाबाई

नृसिंह यज्ञेश्वर कट्टी हे त्यांचं पूर्ण नाव, पण कोर्टात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. 'दुभाष्याला बोलवा' म्हटलं की कट्टी उठायचे. संस्थानच्या काळात ते या नोकरीला चिकटले. पुढं संस्थान विलीन झालं, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले, साहेब तर किती आले आणि गेले. दुभाषी मात्र तेच आणि त्यांचा कोपरावर विरलेला काळा कोटही तोच. सत्तावीस वर्षं कानडी ऐकायचं आणि मराठी बोलायचं. एवढ्यात माणसाचा घसा तरी बसतो नाहीतर मन तरी. कट्टींचं दोन्ही बसलं होतं. पेन्शनीला अकरा महिने उरले होते, आणि ते अकरा महिने कुणी परस्पर पळवून नेले असते तरी त्यांनी तक्रार केली नसती.

कोल्हापूरच्या कोर्टात दुभाषी कशाला, असं पुण्याच्या माणसाला वाटतं. त्यानं शिरोळ तालुका पाहिलेला नसतो. घरात कानडी, बाजारात मराठी आणि देवळात तोंडाला येईल ती, असा तो सगळा नदीकाठ. बाजारापुरती मराठी तिथं प्रत्येकाला येते. पण कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की माणसाला आईची भाषा आठवते. मग तो कानडीत बोलतो, आणि कट्टी त्याचं मराठी करून साहेबांपुढं ठेवतात.

कट्टी स्वतः अथणीकडचे. बाराव्या वर्षी मामाकडं शिकायला म्हणून कोल्हापुरात आले. वर्गात पहिल्याच दिवशी त्यांच्या मराठीला जे हसू झालं, ते त्यांनी जन्मभराचं मनाला लावून घेतलं. दोन वर्षांत त्यांनी असं मराठी कमावलं की पुण्याच्या माणसानंही मान डोलवावी. घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यासारखं ते मराठी होतं. त्यात कानडीचा डाग शोधून सापडायचा नाही.

त्यांची कामाची एक रीत होती. कुणी शिकवलेली नव्हती, आपोआप पडलेली. साक्षीदार पिंजऱ्यात आला की कट्टी आधी त्याचे पाय बघत. पायात बूट किंवा पंपशू दिसला, की त्या माणसाचं कानडी कट्टींच्या तोंडून 'मी ते पाहिले नाही' असं बाहेर पडे. पाय अनवाणी, टाचा भेगाळलेल्या दिसल्या, की तेच 'म्या न्हाय बघितलं जी' होऊन येई. खरं तर कानडीत दोघांनीही वाक्य एकच म्हटलेलं असायचं. पण कट्टींना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट थोडा अभिमानच होता. मागचे एक साहेब बदली होऊन जाताना म्हणाले होते, "कट्टी, तुमच्या तोंडून अख्खा माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो हो!" ते वाक्य त्यांनी घरी माईंना, म्हणजे बायकोला, तीनदा सांगितलं होतं.

एकोणीसशे चौपन्नच्या फेब्रुवारीत रत्नाबाईंची केस उभी राहिली.

केस सात वर्षांच्या त्रिशलाची होती. रत्नाबाई तिची आज्जी, आईची आई. त्रिशला दहा महिन्यांची असताना तिची आई वारली. बाप जिनपाल कोल्हापुरात कारकून. त्यानं तान्हं मूल सासूच्या पदरात घातलं आणि दर रविवारी गावाकडं खेपा घालत राहिला. गेल्या दिवाळीत विषमज्वरानं तोही गेला. आता जिनपालचा थोरला भाऊ श्रेणिक म्हणत होता, मुलगी आमच्या घरची, तिचा पालक मला नेमा. रत्नाबाई म्हणत होत्या, मूल माझ्या हाताखाली वाढलंय, ते माझ्यापासून तोडू नका. एवढंच भांडण. कोर्टानं काहीही ठरवलं तरी एका घरात त्या दिवशी चूल पेटायची नव्हती.

श्रेणिक दुष्ट असता तर कोर्टाचं काम सोपं झालं असतं आणि आपलंही. पण तो तसा नव्हता. शाहूपुरीत त्याचं गुळाचं दुकान होतं, बायको मायाळू होती, पोटी मूल नव्हतं. तो साक्षीला उभा राहिला आणि स्वच्छ, शहरी मराठीत म्हणाला, "मुलीनं शिकावं, चार लोकांत वावरावं, एवढीच आमची इच्छा आहे. रत्नाबाईंच्या मायेबद्दल माझी काहीच तक्रार नाही." साहेब नाशिककडचे. त्यांनी मान हलवत सगळं लिहून घेतलं. श्रेणिकला दुभाषी लागला नाही, म्हणून कट्टी तेवढा वेळ बाकावर डोळे मिटून बसले होते.

मग रत्नाबाईंना पुकारलं.

कट्टींनी डोळे उघडले आणि सवयीनं पायांकडं पाहिलं. अनवाणी. टाचांना अशा भेगा की त्यात चार आणे उभे राहावेत. कट्टींचं काम तिथंच ठरलं. वर चेहरा होता, कपाळ मोठं होतं, नजर स्थिर होती, पण तिथवर ते गेलेच नाहीत.

रत्नाबाईंचे वकील दत्तोपंत. तेही म्हातारे, तेही कंटाळलेले. त्यांनी विचारलं, "मुलीला तुम्ही कसं वाढवलंत ते कोर्टाला सांगा."

रत्नाबाई कानडीत बोलू लागल्या. सावकाश, एकेक वाक्य पुरं करत. त्या म्हणाल्या, "मुलीला आई नाही हे खरं आहे. पण मांडीची उणीव मी तिला एक दिवसही भासू दिलेली नाही. रोज सकाळी मी तिच्याकडून अक्षरं गिरवून घेते. संध्याकाळी पुराण वाचते, ती शेजारी बसून ऐकते. चाळीस श्लोक तिला येतात, अर्थासकट. अर्थ कळल्याशिवाय मी पुढचा श्लोक देत नाही."

कट्टींनी घसा खाकरला आणि साहेबांकडं तोंड करून सांगितलं, "आई न्हाय पोरीला, खरं हाय जी. पर मांडी काय म्या कमी पडू दिली न्हाय एक दीसबी. रोज सकाळच्याला अक्षरं गिरवून घेतो. सांजंला पुरान वाचतो, पोरगी बसती ऐकत. चाळीस श्लोक येत्यात की तिला, अर्थासकट! अर्थ कळल्याबिगर फुडला देतच न्हाय म्या."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांच्या ओठांवरही हसू आलं. त्या तोंडी 'अर्थासकट' हा शब्द जत्रेत चुकलेल्या पोरासारखा वाटला. त्या भागातल्या बायका मराठी बोलताना स्वतःला 'मी वाचतो, मी देतो' म्हणतात, त्याचंही शहरातल्या लोकांना हसू येतंच. एक शब्द कट्टींनी गाळला नव्हता. 'जी' आणि 'की' सोडले तर एक वाढवलाही नव्हता.

साहेबांनी विचारलं, "बाई कितपत शिकल्या आहेत?"

कट्टींनी प्रश्न कानडीत केला, आणि करताना 'तुम्ही'चं 'तू' केलं. अनवाणी माणसाला ते एकेरीतच विचारत.

रत्नाबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "शाळेत गेले नाही. वडिलांनी घरी शिकवलं. चातुर्मासात बस्तीत बायकांना मी शास्त्र वाचून सांगते, पंचवीस वर्षं झाली." बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर.

"साळंत न्हाय गेलो जी," कट्टी म्हणाले. "बानं घरीच शिकविलं. चातुर्मासात बस्तीत बायास्नी शास्तर वाचून सांगतो, पंचवीस वरसं झाली की."

साहेबांनी कागदावर एकच शब्द लिहिला. कोर्टात बसून ज्याची हयात गेली त्याला साहेबांच्या टाकाच्या हालचालीवरून काय लिहिलं ते कळतं. 'अशिक्षित' असा तो होता.

मधल्या सुट्टीत कट्टी व्हरांड्यात पानाचा डबा उघडून उभे होते. पलीकडं वकिलांचा घोळका भाषावार प्रांतांवरून हमरीतुमरीवर आला होता. कुठला तालुका कुठं जाणार, कुठला राहणार, यावर जो तो आपलाच नकाशा फाडत होता. खांबापाशी त्रिशला आज्जीचा पदर धरून कानडीत अखंड बडबडत होती. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा कोण फिरवतं, खुर्ची एवढी उंच का, खाली पडले तर त्यांना लागेल का. आज्जी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होत्या. मग मुलीला बाकावर बसवून त्या कट्टींपाशी आल्या.

"रायर," त्यांनी हाक मारली. कानडी मुलखात ब्राह्मणाला असंच हाकारतात. "तुम्ही कुठले?"

"अथणीकडचा."

"म्हणजे आपल्याकडचेच." सगळं बोलणं कानडीतच चाललं होतं. "मला मराठी नीट बोलता येत नाही, पण कळतं. तीस वर्षं जयसिंगपूरच्या बाजारात शेंगा घातल्यात. मी आत जे बोलले ते तुम्ही सगळं सांगितलंत. तरी ते माझं नव्हतं. लोक कुणाला हसले?"

कट्टींनी चुना बोटावर घेतला होता, तो तसाच राहिला. "खेड्यातली माणसं मराठीत तशीच बोलतात, बाई. साहेबांना खरं वाटावं म्हणून आपलं…"

"मी तशी बोलले?"

बाईंची कानडी अस्सल जुन्या वळणाची होती. अशी भाषा कट्टींनी आपल्या आजोबांनंतर फार थोड्यांच्या तोंडून ऐकली होती, आणि ऐकूनही ऐकली नव्हती.

"मी नीट नेसून आत गेले," रत्नाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही माझं लुगडं वर खोचून मला बांधावर उभी केलीत."

कट्टी वरमले. वरमलेला माणूस नको ते बोलून जातो. "तुमच्या पायात काही नव्हतं, म्हणून मला वाटलं…"

रत्नाबाईंनी आपल्या पायांकडं पाहिलं. त्यांना राग आला नाही, आश्चर्यच वाटलं. "चामड्याचा त्याग केलाय मी," त्या म्हणाल्या. "मुलगी गेली त्या वर्षी." आणि त्या नातीकडं परत गेल्या.

त्या दिवशी कट्टी टाउन हॉलच्या बागेतून चालत घरी निघाले ते अर्ध्या वाटेत एका बाकावर बसूनच राहिले. त्यांना स्वतःची आई आठवत होती. अव्वा शेवटची सहा वर्षं त्यांच्याकडं कोल्हापुरात होती. कानडीत तिच्याइतकं शहाणं बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. नातेवाईक तिचा सल्ला घ्यायला अथणीहून येत. पण कोर्टातलं कोणी घरी आलं की ती मोडक्या मराठीत 'बस की रे, च्या पी की' म्हणायची, आणि पाहुणे माना खाली घालून हसायचे. मग कट्टी म्हणायचे, "अव्वा, तू आत जाऊन बस." ती मुकाट आत जाऊन बसायची. सहा वर्षं आत बसली. तिला काय वाटत असेल, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नव्हती. कट्टींना स्वतःची लाज वाटली.

घरी माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? उद्या नीट सांगा म्हणजे झालं."

बायकांना सगळं सोपं वाटतं, असं कट्टींच्या मनात आलं. पण दुसरं सुचतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रेणिकच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. हे वकील तरणेबांड, आवाज खणखणीत. "मुलगी सात वर्षांची झाली. तिला मराठी शाळेत का घातली नाही?"

रत्नाबाई म्हणाल्या आणि कट्टींनी या खेपेस त्यांच्या पायांकडं न बघता, चेहऱ्याकडं बघत, शब्दाला शब्द लावून सांगितलं: "येत्या जूनमध्ये घालणार आहे. कानडी तिच्या आईची भाषा आहे आणि मराठी वडिलांची. आई-वडील दोघंही तिच्या नशिबातून गेले. निदान त्यांच्या भाषा तरी तिच्याजवळ राहाव्यात. दोन्हींपैकी एकही मी तिच्यापासून तोडणार नाही."

कुणी हसलं नाही. दत्तोपंतांनी चष्मा काढला. कट्टींच्या छातीत जरा मोकळं मोकळं वाटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच एखादं वाक्य पोचवल्यासारखं त्यांना वाटलं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "काल या बाई अशा बोलत नव्हत्या," ते सावकाश म्हणाले.

श्रेणिकचे वकील याचीच वाट बघत असल्यासारखे उठले. "मीही तेच म्हणतो, साहेब. काल 'म्या' आणि 'न्हाय' म्हणणारी बाई एका रात्रीत व्याख्यान द्यायला लागली? तिला पढवून आणलंय. आणि नाइलाजानं सांगतो, काल मधल्या सुट्टीत ही बाई आणि दुभाषी व्हरांड्यात एकमेकांशी बोलत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दत्तोपंतांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कट्टींकडं असं पाहिलं की कट्टींना जमीन दुभंगावीशी वाटली.

"कट्टी?" साहेब म्हणाले.

"साहेब, बाईंना कुणी पढवलेलं नाही." त्यांचा आवाज बसलेलाच होता, तो आणखी बसला. "कालची भाषा माझी होती."

"म्हणजे?"

"बाई कालही आजच्यासारख्याच बोलल्या. त्यांची कानडी फार चांगली आहे. मी ती… गावंढळ करून सांगितली."

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "काही गाळलंत?"

"नाही, साहेब."

"पदरचं घातलंत?"

"नाही."

"मग अर्थ तोच?"

"अर्थ तोच."

"अर्थ तोच, तर मग फरक काय पडला?"

उत्तर कट्टींना ठाऊक होतं. फरक एवढाच की काल आपण हसलात, आणि आज टाक खाली ठेवलात. हे वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन उभं होतं, दोन्ही भाषांत. पण साहेबाला तोंडावर 'आपण हसलात' कसं म्हणायचं? आणि ते म्हटलं की पुढचं आलंच: म्हणजे सत्तावीस वर्षं तुम्ही हेच करत आलात? किती अनवाणी माणसं होती ती? त्यांच्या निकालांचं काय? कट्टींना एकदम फार थकल्यासारखं झालं. अकरा महिने राहिले होते.

"तसा काही नाही, साहेब," ते म्हणाले.

"झालं तर." साहेबांना मोकळं वाटलं. "आणि बाईंना मराठी कळतं ना? जयसिंगपूरच्या बाजारात व्यवहार करतात, असं श्रेणिक साक्षीत म्हणालेत. मग त्याच सांगू देत. उगाच संशयाला जागा नको."

दत्तोपंत हरकत घ्यायला अर्धवट उठले आणि परत बसले. म्हाताऱ्या वकिलांना कुठली हरकत फुकट जाणार हे आधीच कळतं.

रत्नाबाईंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. चाळीस श्लोकांचा अर्थ सांगणारं ते माणूस बाजारातल्या शेंगांच्या भावापुरत्या भाषेत आपलं काळीज शोधू लागलं. "मी सांगतो, सायेब," त्या म्हणाल्या. "पोरगी… माझी हाय. आई न्हाय. बा न्हाय. मी हाय की. शिकिवतो मी. चांगलं शिकिवतो. काय कमी न्हाय… काय कमी करनार न्हाय." शब्द संपले. हात मात्र अजून काहीतरी सांगत हवेत राहिला.

मागं पुन्हा खसखस पिकली.

साहेब हसून कट्टींकडं वळले, अगदी आपुलकीनं. "अहो, असंच तर सांगत होतात की तुम्ही काल! हुबेहूब. उगीच मनाला लावून घेता." आणि त्यांनी टाक उचलला.

दुपारी साहेबांनी त्रिशलाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. कट्टी दाराशी उभे होते. साहेबांनी तिला गोळी दिली आणि प्रेमानं मराठीत विचारलं, कुणाकडं राहायला आवडेल? शाळेत जायचंय का? आज्जी काय शिकवते? मुलीनं गोळी मुठीत धरली आणि मान खाली घातली. "कानडीत विचारू का, साहेब?" असं कट्टींनी हळूच म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, "नको, तुमच्यावर आधीच बालंट आलंय. आणि एवढं साधं मराठी तिला यायला हवं." दोन-तीनदा विचारून झाल्यावर मुलगी "व्हय" म्हणाली. कशाला व्हय, ते तिलाही माहीत नसावं. साहेबांनी टिपण केलं. मुलगी बुजरी आहे, वयाच्या मानानं मागं आहे, असंच काहीतरी ते असणार.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. श्रेणिकला पालक नेमलं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी मुलीनं आज्जीकडं काढावी, तिच्या शिक्षणाची व्यवस्था चुलत्यानं करावी. आज्जीचं प्रेम निर्विवाद आहे, परंतु ती अशिक्षित आणि साधीभोळी असल्यानं मुलीच्या भवितव्याच्या दृष्टीनं कोर्टाला हा निर्णय घेणं भाग पडत आहे. इंग्रजीतला कागद वाचून साहेबांनी त्याचा सारांश मराठीत सांगितला आणि कट्टींना म्हणाले, "बाईंना जरा नीट समजावून सांगा. वाईट वाटू देऊ नका."

व्हरांड्यात श्रेणिक आणि त्याची बायको एका बाजूला अवघडून उभी होती. जिंकलेली माणसं दिसत नव्हती ती. बायकोनं मुलीसाठी नवा परकर आणला होता, तो पुडक्यातून काढावा की नाही हे तिला कळत नव्हतं. त्रिशला खांबाभोवती फेर धरत होती.

कट्टी रत्नाबाईंपुढं उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग ते कानडीत बोलू लागले, आणि जी कानडी त्यांनी चाळीस वर्षं पेटीत घालून ठेवली होती ती बाहेर आली. त्यांनी 'तुम्ही' म्हटलं. साहेबांचा निकाल त्यांनी शब्दन् शब्द सांगितला, पण अशा अदबीनं की एखाद्या मठातल्या स्वामींना निरोप सांगावा. 'अशिक्षित' हा शब्द आला तेव्हा त्यांची जीभ अडखळली, तरी त्यांनी तो गाळला नाही. "हे त्यांनी लिहिलं आहे. ते खरं नाही," असं त्यांनी पुढं जोडलं. पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या तरी बोलण्यात पदरचं घातलं होतं. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रत्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. थकलेल्या माणसाकडं थकलेल्या माणसानं बघावं तसं त्या कट्टींकडं बघत राहिल्या.

"किती छान बोलता, रायर," त्या म्हणाल्या. "पण हे मला कशाला सांगता? मी कोण आहे ते मला ठाऊक आहे. सांगायचं होतं ते त्यांना. त्यांनी विचारलं होतं की तुम्हाला, फरक काय पडला म्हणून."



रत्नाबाई त्रिशलाकडं वळल्या. घरी जायची एस.टी. किती वाजता, असं ती विचारत होती. तिला अजून कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं.